पाखरांचा वाटा

दिवाळीचे आकाशकंदील उतरले, की जांभवेळच्या खाडीत कुरव पक्षी येतात. पहिले चार-दोन येतात ते दबकत. खाडीतल्या खडकाळ बेटावर, थोरल्या खडपावर बसतात, वारा बघतात, उडून पुन्हा बसतात. मग एखाद्या सकाळी दार उघडावं तर ओहोटीने उघडी पडलेली वाळूची पुळण पांढरीशुभ्र झालेली असते, आणि त्या पांढऱ्याला आवाज फुटलेला असतो. कुठल्या तरी बर्फाच्या मुलखातून ही पाखरं येतात, हे मला शाळेत फार उशिरा कळलं. त्याआधी माझी समजूत अशी, की ती पावसाळाभर खडपाच्या पोटात झोपतात आणि थंडी पडली की बाहेर येतात.

यंदाही ती आली. मला ते हातखंब्याच्या तिठ्यावर कळलं. खणलेल्या हायवेच्या धुरळ्यात एसटीची वाट बघत उभी होते, आणि समोर, कोकम-आंबापोळीच्या दुकानांच्या डोक्यावर, घराएवढा कुरव पंख पसरून उभा होता. चोचीत शेव. शेव धरणारा हात गोरापान, नखं रंगवलेली. खाली लिहिलं होतं, ‘पाखरांच्या खाडीत तुमचं स्वागत आहे.’ त्या फलकाखालच्या टपरीत पिवळ्या शेवेच्या पिशव्या माळेसारख्या टांगलेल्या होत्या.

“ही कसली हो शेव?” मी विचारलं.

“ती मानसांची नाय ताई, पाखरांची,” टपरीवाला म्हणाला. “मानसांची आत हाय. देऊ?”

मी हसले. एसटीत बसल्यावर मला त्या हसण्याचा राग आला.

आदल्या रात्री मी पालीला बाबांकडे राहिले होते. पालीच्या बाजारात बाबांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, शिमग्याच्या वर्गणीच्या पावत्या, आणि उरलेल्या वेळात पत्रकं. माझं अक्षरज्ञान त्या पत्रकांवर झालं. ‘धबधबा’ लिहायला शिकायच्या आधी मला ‘धिक्कार’ लिहिता येत होतं. जांभवेळच्या खाडीच्या तोंडाशी कोळसा उतरवण्याचा धक्का होणार होता, त्याच्याविरुद्धची ती पत्रकं. आमच्या घरी एका चुलीवर पेज शिजायची आणि दुसऱ्या चुलीवर भिंतीला पत्रकं डकवायची खळ. चुकलेल्या छपाईचे कागद माझ्या पुस्तकांना कव्हर म्हणून लागत. एकदा बाईंनी विचारलं होतं, “वैजू, तुझ्या भूगोलाच्या पुस्तकावर ‘परत जा’ असं का लिहिलंय गो?” वर्ग हसला होता. मला मात्र अभिमान वाटला होता. माझा भूगोल लढत होता.

धक्का झाला नाही. तो का झाला नाही, याची उत्तरं ज्याची त्याची वेगळी. कुणी म्हणे कंपनीच बुडाली, कुणी म्हणे दुसरीकडे स्वस्तात जागा मिळाली. आमच्या घरात एकच उत्तर होतं: लोक उठले म्हणून. मी त्या उत्तरावर वाढले. अजूनही कुठे अन्याय दिसला, की माझ्या मनात आधी मथळा तयार होतो. कोल्हापूरच्या ज्या साप्ताहिकात मी लिहिते, तिथले संपादक म्हणतात, तुझ्या लेखांना खळीचा वास येतो. येऊ दे.

आता छापखाना बंद आहे. लग्नाची आमंत्रणं मोबाईलवर जातात. यंत्रावर ताडपत्री आहे आणि ताडपत्रीवर शेजारच्या कोंबड्या बसतात. रात्री जेवताना मी बाबांना म्हटलं, “चला ना उद्या जांभवेळला. कुरव आले असतील.”

“तू जा,” ते म्हणाले. “मला तिथं बघवत नाही.”

“मग पत्रक काढू या. मी लिहिते.”

बाबांनी ताटातला भात एका कडेला सारला. “कुणाच्या विरुद्ध?” ते म्हणाले. “पाखरांच्या?”

मी ताटं उचलली. 

जांभवेळ माझं आजोळ. खाडीच्या मधोमध जांभ्या दगडाची दोन बेटं, थोरलं खडप आणि धाकटं खडप. थोरल्यावर काकण घारीचं घरटं. तिची पांढरी छाती लांबून धुतलेल्या सदऱ्यासारखी दिसते. धाकट्यावर भरतीला काही उरत नाही, ओहोटीला बगळे उरतात. काठावर एका बाजूला खारवीवाडी, दुसऱ्या बाजूला मोहल्ला, मध्ये पुळण. आणि या पुळणीवर ओढायची ती रापण.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडी ते घेऊन पाण्यात अर्धं वर्तुळ घालून परत येते, आणि मग जाळ्याच्या दोन टोकांचे दोर धरून किनाऱ्यावरच्या माणसांच्या दोन रांगा ते ओढत आणतात. ते जाळं एकाचं नसतं. प्रत्येक घराचा एकेक तुकडा. नारळीपौर्णिमेला सगळे तुकडे एकमेकांना शिवायचे. माझ्या आजोळचा तुकडा हिरव्या दोऱ्याने शिवलेला, हसनमामाच्या घरचा काळ्या. खारवीवाडीचा शेवट आणि मोहल्ल्याची सुरुवात कुठे होते, ते त्या जाळ्यात शोधायला लागायचं.

हसनमामा रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या. आजोळचा प्रत्येक पुरुष मामा असतो, तसा तोही. कमरेला चौकड्याची लुंगी, हातात काही नाही. तो फक्त पाण्याकडे बघायचा आणि एक हात वर करायचा. मग दोन्ही रांगांतून हाळी उठायची, पहाटेच्या दवाने ओला झालेला दोर ताठ व्हायचा, टाचा वाळूत रुतायच्या. मी सुट्टीत जायची तेव्हा रांगेच्या अगदी शेवटी दोराला लोंबकळायची. लोंबकळणाऱ्यालाही वाटा होता. नियमच तो: जाळं वाळूला टेकायच्या आत ज्याचा हात दोराला लागला, त्याला वाटा. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, देवळाचा, मशिदीचा, आजाऱ्याचा. पण या सगळ्यांच्या आधी एक टोपली बाजूला निघायची. पहिला वाटा पाखरांचा.

जाळं जवळ यायला लागलं की कुरव खडपावरून उठायचे आणि पुळणीच्या वरच्या अंगाला येऊन बसायचे. झडप नाही, ओरडा नाही. वाऱ्याकडे तोंड करून, पंगतीला बसल्यासारखे ओळीत. आमच्यातल्या काही पुरुषांपेक्षा त्यांना जास्त शिस्त आहे, असं बायका म्हणायच्या. मग ती टोपली त्यांच्यापुढे उपडी व्हायची, मांदेली आणि पेडव्यांचा चांदीचा ढीग वाळूवर पसरायचा आणि मगच तो सगळा पांढरा गोंधळ सुरू व्हायचा.

का द्यायचा हा वाटा? माझी सुगंधामामी म्हणायची, पाखरं आपल्याला मासळी दाखवतात, त्यांचं आपण देणं लागतो. हसनमामा म्हणायचा, “द्यायचा म्हनून द्यायचा. कारनं इचारत बसलं तर मासळी कुजंल.”

हा वाटा कुणाच्याही हातून जात नसे. ज्या बाईचा नवरा दर्याने नेला, तिच्या हातून जायचा. माझा सख्खा मामा दर्यात गेला तेव्हा मी लहान होते. सुगंधामामी घराच्या आतल्या खोलीत बसली ती उठेना. बांगड्या उतरलेल्या, समोर पेजेचं भांडं तसंच. कुणी समजावलं, कुणी रागावलं. मग एका सकाळी हसनमामा रिकामी टोपली घेऊन दारात आला. आत आला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, “वयनी, पाखरं खोळंबल्यात.”

एवढंच. मामी उठली. पदर खोचला, टोपली घेतली आणि पुळणीवर गेली. त्या दिवसापासून ती गावात वावरायला लागली. दुसऱ्या गावांत अशा बायकांना शुभकार्यात मागच्या दाराला उभं करतात. जांभवेळमध्ये तिच्या हातून वाटा गेल्याशिवाय कुणाच्या घरी चूल पेटत नसे. मी पुढे स्त्रियांवर आणि हक्कांवर बरंच वाचलं, लिहिलं, भाषणंही केली. त्या टोपलीइतकं साधं आणि पुरतं मला कुठे सापडलं नाही.

मग तो हिवाळा आला. मला आज जो हंगाम आठवतो तो हाच.

धक्क्याची भीती पुरती गेली नव्हती. म्हणून गावानेच ठरवलं की खाडी कायमची संरक्षित करून घ्यायची. पाखरं आहेत, खडपं आहेत, काकण आहे. सरकारला सांगू, हे जपा. बाबांनी पत्रक काढलं. तज्ज्ञ आले, अधिकारी आले. शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. आंब्यांना नुकता मोहोर फुटलेला, त्याचा वास व्हरांडाभर. खारवीवाडीतून पोह्यांचं पातेलं आलं, मोहल्ल्यातून चहा. मी कॉलेजातून मुद्दाम आले होते. एका साहेबांनी विचारलं, “इतक्या खाड्या आहेत, मग पक्षी इथेच एवढे का येतात?”

हसनमामा उठून उभा राहिला. त्याने टोपी सारखी केली. “आमी त्यांना वाटा देतो सायेब,” तो म्हणाला. “पयला.”

टाळ्या पडल्या. साहेबांच्या डोळ्यांत कौतुक दिसलं. “म्हणजे नेमकं काय करता?” असं त्यांनी विचारायची खोटी, सगळं गाव त्यांना पुळणीवर घेऊन गेलं. वेळ नव्हती तरी रापण घातली. साहेबांच्या हाती दोर दिला, त्यांचाही वाटा काढला. आणि सुगंधामामीने, नवीन लुगडं नेसून, कुरवांच्या पंगतीपुढे टोपली उपडी केली. किती फोटो निघाले! मामी लाजून हसत होती. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

कुणी विचारलं नसतं तरी आम्ही सांगितलं असतं. पाहुणा आला की घरातली सगळ्यात चांगली वस्तू आधी त्याच्या पुढ्यात ठेवायची, ही आमच्या गावाची खोड आहे. तो ती उचलून नेईल, असं मनात येत नाही.

खाडी संरक्षित झाली. गुलाल उधळला, मोहल्ल्यात शीरखुर्मा झाला. मग नियम आले. संरक्षित हद्दीत जाळं ओढायला मनाई. कारण दिलं होतं स्वच्छ मराठीत: पक्ष्यांच्या विश्रांतीच्या जागी मानवी हालचाल होते, आणि पक्षी माणसाने दिलेल्या अन्नावर अवलंबून राहू लागले आहेत. पुराव्याला फोटो जोडला होता. नवीन लुगडं नेसलेली मामी, हातात टोपली, लाजून हसताना.

मला कुणी सांगू नये की निसर्ग जपायला हवा. ते मी आईच्या दुधाबरोबर शिकले, आणि मला ते आजही तितकंच खरं वाटतं. पण खाडीच्या तोंडाबाहेर, हद्दीची रेघ जिथे संपते तिथून पुढे, मोठाले दिवे लावून दर्याचा तळ खरवडणाऱ्या बोटी उभ्या असतात. त्या मासळीच्या पिल्लांनाही सोडत नाहीत. रेघ त्यांच्या बाजूला कधीच वाकत नाही. ती वाकते ती दोर हाताने ओढणाऱ्यांकडे, कारण ते किनाऱ्यावर उभे असतात आणि नियम सांगायला गेलेल्या माणसाला चहा देतात. असं वाक्य मी याआधी छापूनही आणलं आहे. लोकांनी वाचलं, मोबाईलवर पसंतीचे अंगठे उठवले. रापण पुळणीवरच्या खोपीतच राहिली.

यंदा हसनमामाचा फोन आला म्हणून मी आले. “वैजू, तू शिकलेलं हायस,” तो म्हणाला. “एकदा सायबाला इचारून बगू. वर्साला एक दीस. एकच. रापन एकदा पान्यात जाऊंदे. नायतर जाळं कुजतंय, मग तो पालीकडचा बागवाला मागतोय त्याला देऊन टाकतो.”

बागवाल्याला ते जाळं आंब्यांवर घालायला हवं होतं. वानरं येऊ नयेत म्हणून.

जांभवेळला उतरले तर जेटीवर हसनमामाचा मुलगा इरफान आपली बोट भरत होता. कुवेतला दहाबारा वर्षं काढून आलेला, आता पर्यटकांना खडपं दाखवतो. “चल गो, बस,” तो ओरडला. “तुला तिकीट नाय. तू लोकल पाखरू.” पक्ष्यांना खायला घालू नये, अशी पाटी जेटीवर आहे. शेवेवाला तिलाच टेकून बसला होता.

बोट सुटली. इरफानने सांगायला सुरुवात केली, “उजव्या हाताला थोरलं खडप. वरती झाडावर काकण घारीचं घरटं. मोठ्यान बोलू नका, तिला बीपी हाय.” सगळे हसले. मीही. पाणी शांत होतं, निळं नाही आणि हिरवंही नाही, थंडीतल्या सकाळी खाडीचा जो रंग असतो तो. मग पिशव्या फुटल्या आणि कुरव आले.

ते तेच कुरव होते का? मला खात्री नाही. किंचाळत, एकमेकांच्या अंगावर पडत, हातांवर झडप घालत आले. तळणाच्या तेलाचा वास पाण्यावर पसरला. “अहो, बघा ना, हातातून खातायत!” एक बाई म्हणाल्या. त्यांचे यजमान मोबाईल उंच धरून उभे होते. एका पाखराच्या चोचीत शेवेबरोबर पिशवीचा तुकडा गेला, त्याने मान झटकली, पुन्हा झटकली.

त्याच बाई इरफानला म्हणाल्या, “पूर्वी इथे लोक जाळी ओढायचे म्हणे. बिचाऱ्या पक्ष्यांना किती त्रास होत असेल नाही?”

इरफानने एकदा माझ्याकडे बघितलं.

“होय ना,” तो म्हणाला. “लय तरास,” आणि इंजिनाचा आवाज वाढवला.

परत आल्यावर मी त्याच्यावर चिडले. “तू त्यांना शेव टाकू देतोस?”

“मी इकत नाय. घेऊन आले तर हात धरू काय त्यांचे?” तो दोर बांधत म्हणाला. “आनि वैजू, तुझ्यासारकं लिवून माझं घर चालंल काय? सांग तसं, उद्यापास्नं लिवतो.”

त्याचं चुकलं असं मला म्हणता आलं नाही. तो बरोबर आहे असंही नाही.

सुगंधामामीने जेवायला बांगडा केला होता. “टेम्पोतला हाय हो,” तिने आधीच सांगून टाकलं. “बरफातला. डोळे बग त्याचे, आपल्यापेक्षा म्हातारे झालेत.” जांभवेळमध्ये आता मासळी रत्नागिरीहून टेम्पोत येते. मामी रस्त्याकडेच्या नव्या लॉजमध्ये पर्यटकांच्या खोल्या झाडते, चादरी बदलते. केवडं बारीक झालंस गो, असं ती मला म्हणत होती. बारीक तीच झाली होती. मागच्या हिवाळ्यात तिने टेम्पोतल्या मासळीची डोकी नेऊन पुळणीवर टाकली, तर राखणदार धावत आला. शेजारच्या गावचाच पोरगा तो. म्हणाला, मावशी, पाखरांना घालायचं नाय, गुन्हा हाय.

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, मग तू खातोस काय?” मामी हसली. मग ताटाकडे बघत म्हणाली, “त्याचा काय दोष. पण तवापास्नं मी तिकडं जात नाय. पाखरं बसलेली असत्यात. रिकाम्या हातानं त्यांच्या म्होरनं जायला लाज वाटते.”

टोपली चुलीमागे खुंटीला टांगलेली होती. तिच्यात तिने काहीही ठेवलेलं नव्हतं. कांदे नाहीत, लाकडं नाहीत.

दुसऱ्या दिवशी हसनमामा आणि मी साहेबांना त्यांच्या कचेरीत भेटलो. हे साहेब नवे, तरुण. टेबलावर दुर्बीण, भिंतीवर पक्ष्यांची चित्रं. मी भांडायच्या तयारीने गेले होते आणि ते उठून उभे राहिले, मामाला खुर्ची दिली. वाईट माणूस असता तर किती बरं झालं असतं.

“एक दीस सायेब,” मामा म्हणाला. “वर्सातला एक. मासळी आमाला नको. सगळी पाखरांना घालतो.”

“काका, तेच तर चालत नाही.”

“मग नाय घालत. निस्तं जाळं पान्यात टाकून काढतो.”

साहेबांनी मान खाली घातली. “मला समजतंय, काका. खरंच समजतंय. पण नियमात एक दिवस अशी गोष्टच नाही. माझ्या हातात असतं तर...”

तेव्हा मी उभी राहिले. कुणाच्या हातात आहे, असं विचारलं. दिव्यांच्या बोटी दिसत नाहीत का, शेव दिसत नाही का, एका विधवेच्या फोटोचा पुरावा करताना कुणाला काहीच वाटलं नाही का, असं बरंच बोलले. टेबलावर हात आपटला. दुर्बीण सरकली. साहेबांनी ती उचलून पुन्हा जागेवर ठेवली.  माझी सगळी वाक्यं चांगली होती. ती त्या खोलीत कुठेही लागली नाहीत.

“बाय, बस,” मामा हळू म्हणाला. “लोकांच्या घरात वरडू नये.” मग साहेबांकडे वळून म्हणाला, “सायेब, कंदी आलात तर घरी या. आमच्या पोरी करतात तशा तांदळाच्या भाकऱ्या तुमाला कुठं मिळायच्या नायत. खडपावरची काकण आमच्या मागल्या दारातनं जवळनं दिसते. मी दावतो.”

पुन्हा तेच. घरातली चांगली वस्तू. मला रडू आलं आणि मी ते रागात लपवलं.

 परतीच्या रिक्षात गाव दिसायला लागल्यावर मामा म्हणाला, “बागवाल्याला फोन लाव.”

सकाळी टेम्पो आला तो पुळणीपर्यंत येईना, रस्त्यावरच थांबला. जाळं खोपीत, खोपीपासून रस्त्यापर्यंत वाळू. एवढं जड जाळं उचलणार कसं? कुणी तरी म्हणालं, तुकडे सोडवा, एकेक नेऊ. हसनमामा खोपीच्या दारात उभा होता. “सोडवू नका,” तो म्हणाला. “आख्खं जाऊंदे.” आणि त्याने दोन्ही टोकांना दोर बांधले. कुणी न सांगता माणसं दोन रांगांत उभी राहिली. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या आल्या, खारवीवाडीतल्या सुना आल्या, लॉजवर कामाला निघालेल्या बायका पिशव्या वाळूवर ठेवून आल्या. मी शेवटी उभी राहिले, माझ्या जुन्या जागी. कोरडा दोर हाताला टोचत होता. मला तो फक्त ओलाच माहीत होता.

मामाने हात वर केला. हाळी उठली.

जाळं खोपीच्या अंधारातून बाहेर यायला लागलं. त्यातून वाळलेल्या खेकड्यांच्या नांग्या गळत होत्या, जुन्या मिठाचा आणि उंदरांचा वास येत होता. काळा दोरा गेला, हिरवा दोरा गेला, कुणाचा तरी लाल. सगळी माणसं ओढत होती, खरी ओढत होती, कुणी रडत नव्हतं. आणि मग वाळूवरून सावल्या सरकल्या. मी वर पाहिलं.

खाडीच्या मध्यावर इरफानची बोट होती. पर्यटकांचे हात वर होते, हातांत शेव होती आणि त्यांच्या डोक्यावर एकही पाखरू नव्हतं. सगळे कुरव उठून आमच्याकडे येत होते. बोटीवरून, धाकट्या खडपावरून, थोरल्यावरून. माणसांच्या दोन रांगा, मधे दोर आणि ती हाळी. त्यांना ते आठवत होतं. किंचाळले नाहीत. पुळणीच्या वरच्या अंगाला उतरले, पंख मिटले आणि वाऱ्याकडे तोंड करून ओळीत बसले.

हाळी बंद पडली. ओढणं चालू राहिलं, कारण टेम्पोवाला घाई करत होता.

मामी आली होती, हे मला तेव्हा दिसलं. पदर खोचलेला, कमरेवर टोपली. सवयीने आणली असेल. शेवटचा तुकडा वाळूवरून सरकून रस्त्यावर गेला, माणसांनी तो टेम्पोत ढकलला, फळी बंद झाली. पाखरं हलली नाहीत. हसनमामाने त्यांच्याकडे पाहिलं, मग मामीकडे. त्याने तोंड उघडलं. तो काय बोलणार ते मामीच्या उंबऱ्यावरच्या त्या सकाळपासून आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तो बोलला नाही.

मामीने टोपली वाळूवर उपडी ठेवली आणि तिच्यावर बसली, पाखरांकडे पाठ करून.

टेम्पो गेला. माणसं आपापल्या कामाला गेली. भरती चढू लागली, पाणी पहिल्या ओळीच्या पायांपर्यंत आलं, तरी कुरव बसूनच होते.